औषध प्यायलेल्या रुग्णाचं रक्त कसं वाचायचं

कपाशी पात्या-फुलांवर आली की चोपडा, धरणगाव, अमळनेर, पारोळा या पट्ट्यात फवारणीचे पंप पाठीवर चढतात आणि आमच्या आयसीयूत विषबाधेचे रुग्ण यायला लागतात. काहींना फवारताना लागलेलं असतं, बरेच जण रागाच्या किंवा निराशेच्या भरात प्यायलेले असतात. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात तर हे बारमाही चालतं. मी इथे फिजिशियन आहे. ग्रामीण रुग्णालयात नव्याने रुजू झालेले डॉक्टर रात्री फोन करतात आणि पहिलंच वाक्य असतं, "मॅडम, कोलिनेस्टरेज चारशे आलंय, वाचेल का?" कोलिनेस्टरेज म्हणजे रक्तातलं एक एन्झाइम, बरीच कीटकनाशकं ते दाबतात. या डॉक्टरांसाठी हे लिहिते आहे. सिस्टर आणि लॅबमधल्या मंडळींनीही वाचावं, कारण निम्मं काम त्यांच्या हातात असतं.

रक्तावरून पुढचा अंदाज बांधता येतो. पण त्यासाठी तीन गोष्टी जवळ हव्यात: विष कोणतं, रक्त किती वाजता काढलं, आणि दुसऱ्यांदा काढलं तेव्हा आकडा कुठे सरकला. यातली एक जरी नसली तरी रिपोर्ट फक्त फाइलला लावायच्या कामाचा. आणि तिन्ही असल्या तरी रक्त जे सांगतं ते पुढच्या सहा-बारा तासांपुरतं. कशाची तयारी ठेवायची, रुग्णाला इथे ठेवायचं की हलवायचं, नातेवाइकांशी काय बोलायचं, एवढं त्यातून ठरतं.

एक गोष्ट ठणकावून सांगते. ऑर्गनोफॉस्फरसचा (क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकांचा) रुग्ण घामाने डबडबलेला, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर असा समोर आला, तर रिपोर्टची वाट पाहायची नाही. श्वासमार्ग मोकळा करा, ऑक्सिजन लावा, ॲट्रोपिन सुरू करा. मोठ्या माणसाला ०.६ मिलिग्रॅमच्या तीन ते पाच अँप्यूलपासून सुरुवात, आणि छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट. छाती स्वच्छ, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, काख कोरडी: ॲट्रोपिन किती द्यायचं ते या खुणा ठरवतात. कोलिनेस्टरेजचा आकडा पाहून ॲट्रोपिन वाढवायचं किंवा कमी करायचं नसतं, कारण ॲट्रोपिनने तो आकडा हलतच नाही.

आधी बाटली

नातेवाईक सांगतात, "मोनो घेतलं", "रोगर होतं", "केळीवर मारतो ते", "तणाचं". यावर विसंबून राहू नका. घरी जो कोणी असेल त्याला फोन लावा आणि बाटलीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. मी अहिराणीतच विचारते, "भो, बाटली कोठे शे?" घाबरलेल्या माणसाला आपल्या बोलीतला प्रश्न लगेच कळतो. फोटोत मोठ्या अक्षरांतलं व्यापारी नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा. क्लोरपायरीफॉस ५० टक्के अधिक सायपरमेथ्रीन ५ टक्के, प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रीन ४ टक्के अशी जोडऔषधं आपल्या कपाशीवर सर्रास असतात. लेबलवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो विषाचा वर्ग दाखवतो, या रुग्णाचं पुढे काय होईल ते दाखवत नाही. हिरवा त्रिकोण पाहून निर्धास्त झालेले डॉक्टर मी पाहिले आहेत.

२०२३ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने मोनोक्रोटोफॉसची विक्री बंद व्हायची होती. पण शेतातल्या खोलीत, पत्र्याखाली, जुन्या बाटल्या पडलेल्या असतात. दुसऱ्याच्या डब्यात ओतून ठेवलेलं औषधही असतं. त्यामुळे फोटो आणि रुग्णाची लक्षणं जुळतात का, तेही बघा. शंका राहिली तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास उपलब्ध असतं.

रक्त काढताना

सलाइनची सुई लावतानाच रक्त काढून घ्या. पॅम (दबलेलं एन्झाइम पुन्हा मोकळं करणारं औषध, प्रॅलिडॉक्साइम) देण्याआधी आणि प्लाझ्मा किंवा रक्त चढवण्याआधी पहिला नमुना हवा. प्लाझ्मामध्ये दात्याचं कोलिनेस्टरेज असतं, ते चढवल्यावर आलेला आकडा रुग्णाचा राहत नाही.

फवारणीतून थेट आलेल्या माणसाची बाही भिजलेली असते. त्या कोपरावर नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून सुई टोचली तर कातडीवरचं औषध नमुन्यात जाऊ शकतं. आधी कपडे काढा, हात साबण-पाण्याने धुवा, पुसा, मग सुई. हे करताना हातमोजे घाला.

नळ्यांचंही बघा. साध्या कोलिनेस्टरेजसाठी लाल किंवा पिवळ्या झाकणाची. राखाडी झाकणाच्या नळीत फ्लोराइड असतं आणि फ्लोराइड स्वतःच कोलिनेस्टरेजला दाबतं, म्हणून ती नळी फक्त साखर आणि लॅक्टेट (अंगाला ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) यांसाठी. लाल पेशींमधलं कोलिनेस्टरेज करणारी लॅब जवळ असेल तर रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत रक्त घेऊन लगेच बर्फात ठेवा. नळीतसुद्धा विष, एन्झाइम आणि पॅम यांची आपसातली क्रिया चालूच राहते. थंड न करता दोन तासांनी जळगावला पोचलेला नमुना खाटेवरच्या रुग्णाचं खरं चित्र दाखवत नाही.

आणि नळीवर वेळ लिहा. तारीख सगळे लिहितात, वेळ कोणी लिहीत नाही. विष किती वाजता घेतलं आणि रक्त किती वाजता काढलं, हे दोन्ही केसपेपरवर हवं.

कोलिनेस्टरेज: उपयोग कुठे, फसवणूक कुठे

आपल्याकडच्या लॅबमध्ये होतं ते बहुधा सीरम कोलिनेस्टरेज, म्हणजे ब्युटिरिलकोलिनेस्टरेज. ते यकृतात बनतं. मज्जातंतू आणि स्नायूंच्या सांध्यावर काम करतं ते ॲसिटिलकोलिनेस्टरेज वेगळं, त्याचा जुळा भाऊ लाल पेशींवर असतो. आपण मोजतो एक आणि रुग्णाला छळतं दुसरं, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजतं.

सीरमचा आकडा खाली आला असेल तर ऑर्गनोफॉस्फरस किंवा कार्बामेट (हेच एन्झाइम दाबणारा कीटकनाशकांचा दुसरा गट) अंगात गेलंय, याला भक्कम दुजोरा मिळतो. निदानासाठी तो चांगला. पण किती खाली गेला यावरून मृत्यूचा अंदाज बांधायला गेलात तर विषागणिक उत्तर बदलतं. श्रीलंकेतल्या रुग्णांवरचा २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी वाचण्यासारखा आहे. दाखल होतानाच्या ६०० च्या खालच्या आकड्यावरून मृत्यूचा अंदाज किती बरोबर येतो, ते विषागणिक खूप बदललं.  क्लोरपायरीफॉस सीरमच्या एन्झाइमला जोरात दाबतं, त्यामुळे आकडा भयंकर दिसूनही माणूस बोलत बसलेला असू शकतो. डायमेथोएटमध्ये (म्हणजे रोगरमध्ये) उलट, आकडा बरा आणि रक्तदाब कोसळत चाललेला. म्हणून "चारशे आलंय, वाचेल का?" याला माझा पहिला प्रतिप्रश्न असतो, "कशाने चारशे?"

दुसरी अडचण मूळ पातळीची. नॉर्मलची मर्यादा लॅबच्या किटप्रमाणे साधारण ५,००० ते १२,००० असते. ज्याची मूळ पातळी ११,००० आहे तो ५,५०० वर आला तर रिपोर्टवर काहीच ठळक छापून येत नाही, पण त्याचं निम्मं एन्झाइम गेलेलं असतं. उलट सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेली कुपोषित बाई, गरोदर बाई, दारूने यकृत बिघडलेला माणूस यांचा आकडा विष न घेताही खाली असतो. शिवाय दोन लॅबच्या किटमध्ये फरक असतो. सकाळी चोपड्यात आणि संध्याकाळी जळगावात केलेले दोन रिपोर्ट शेजारी ठेवून "वाढलंय" म्हणणं चूक. एकच लॅब धरा.

मग आकड्याचा खरा उपयोग कुठे? क्रमाने बघण्यात. रोज एकदा, एकाच वेळी, एकाच लॅबमध्ये. विष अंगातून निघून गेलं की यकृत नवं एन्झाइम तयार करतं आणि सीरमचा आकडा दिवसाला नॉर्मलच्या साधारण ७ टक्क्यांनी वर यायला लागतो. नॉर्मल ७,००० धरलं तर दिवसाला ५०० च्या आसपास. पहिल्या दिवशी ४००, दुसऱ्या दिवशी ४३०, तिसऱ्या दिवशी ९००, चौथ्या दिवशी १,४०० असं दिसलं तर तिसऱ्या दिवसापासून विष संपत आलंय असं समजा. चौथ्या दिवशीही आकडा जागचा हलला नाही किंवा वर येऊन पुन्हा पडला, तर विष अजून कुठून तरी येतंय. चरबीत साठणाऱ्या औषधांत ते हळूहळू बाहेर येत राहतं. कधी कारण साधं असतं: केस धुतलेच नाहीत, नखांत औषध आहे, लघवी-उलटीने भिजलेली चादर तशीच अंगाखाली आहे. अशा वेळी मी आधी सिस्टरना रुग्णाचं डोकं शाम्पूने धुवायला सांगते, मग औषधांच्या चार्टकडे वळते.

लाल पेशींची तपासणी मिळाली तर ती स्नायूंच्या जास्त जवळची. नॉर्मलच्या ३० टक्क्यांच्या वर असेल तर स्नायूंचं काम सहसा ठीक चालतं, १० टक्क्यांखाली गेलं तर चांगलंच बिघडतं. मात्र ती फार सावकाश भरून येते, दिवसाला १ टक्क्याहूनही कमी, त्यामुळे डिस्चार्जसाठी तिची वाट पाहू नये. आपल्या भागापुरती एक बारीक गोष्ट: नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल बरंच आहे. सिकलसेलच्या रुग्णात नव्या, कोवळ्या लाल पेशी जास्त असतात आणि कोवळ्या पेशींवर हे एन्झाइम जास्त असतं. तिथे लाल पेशींचा आकडा आहे त्यापेक्षा बरा दिसू शकतो.

कार्बामेटमध्ये, म्हणजे कार्बोफ्युरान, मिथोमिलसारख्यांमध्ये, एन्झाइम आपोआप मोकळं होतं, बहुतेकदा २४ ते ४८ तासांत. नळीतसुद्धा मोकळं होतं. त्यामुळे लक्षणं ठसठशीत आणि रिपोर्ट नॉर्मल असं दिसलं तर लक्षणांवर विश्वास ठेवा.

भूल देताना या आकड्याचा एक उपयोग आहे. सक्सिनिलकोलीन हे स्नायू ढिले करणारं औषध मोडायचं काम हेच सीरमचं एन्झाइम करतं. ते खाली असताना श्वासनळीत नळी टाकायला सक्सिनिलकोलीन दिलं तर रुग्ण तासन्‌तास लुळा राहू शकतो. रोक्युरोनियम वापरा.

मान उचलून बघा

आकडा सुधारतोय, रुग्ण शुद्धीवर आहे, घाम थांबलाय, घरचे विचारतात वॉर्डात हलवू का. दुसरा-तिसरा दिवस असतो. इथेच जपायला हवं. विष घेतल्यापासून साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान काही रुग्णांचे मानेचे, खांद्याचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. याला इंटरमीजिएट सिंड्रोम म्हणतात. श्रीलंकेच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. रक्ताची कुठलीच तपासणी हे खात्रीने आधी सांगत नाही.

पारोळ्याकडचा एक विशीतला मुलगा आमच्याकडे होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सीरमचा आकडा वर आलेला, पोरगा बोलत होता, मोबाइल मागत होता. त्याची मावशी चहा पाजायला बसली. तिने कप ओठाशी नेला तेव्हा तो मान उशीवरून उचलेना. तिने एका हाताने त्याचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताने चहा पाजला. राउंडवर मला ती एवढंच म्हणाली, "मान कशी नरम पडेल शे." दुपारपर्यंत तो व्हेंटिलेटरवर होता. पुढे बरा होऊन घरी गेला. तेव्हापासून आमच्या युनिटमध्ये कोलिनेस्टरेजच्या तक्त्यात एक रकाना जास्त आहे: मान. दर चार तासांनी सिस्टर रुग्णाला उताणं झोपवून "मान उचला आणि धरून ठेवा" म्हणतात आणि किती सेकंद धरली ते लिहितात. त्याच वेळी एका दमात किती आकडे मोजता येतात तेही. वीस मोजणारा माणूस बारावर आला, की मी ब्लड गॅस (रक्तातली आम्लता, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांची तपासणी) काढते आणि नळीची तयारी ठेवते, मग कोलिनेस्टरेज काहीही असो.

ब्लड गॅस, लॅक्टेट, साखर

माझ्या मते कोलिनेस्टरेजपेक्षा जास्त कामाची आणि कमी बोलली जाणारी तपासणी म्हणजे ब्लड गॅस. दाखल होताना पीएच ७.२ च्या आसपास किंवा खाली आणि बायकार्बोनेट घसरलेलं असेल तर रुग्ण गंभीर गटात धरा. धमनीचं रक्त जमत नसेल तर शिरेचं चालेल. पीएच, बायकार्ब आणि लॅक्टेटसाठी ते पुरतं. नमुना सिरिंजमध्ये पडून राहिला तर पेशी ऑक्सिजन खात राहतात आणि लॅक्टेट फुगतं, म्हणून लगेच लावा.

यात सर्वांत फसवी जागा कार्बन डायऑक्साइडची. मिनिटाला ३५ श्वास घेणाऱ्या माणसाचं पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब) ४२ आलं तर रिपोर्टवर ते नॉर्मल दिसतं. पण इतक्या जोरात श्वास घेणाऱ्याचं पीसीओटू खाली जायला हवं. ४२ म्हणजे छाती भरलेली आहे किंवा स्नायू थकलेत. अर्ध्या तासाने पुन्हा काढा. ४८ झालं तर वाट पाहायची वेळ संपली.

लॅक्टेट ४ च्या वर असेल तर काळजी. पण खरं उत्तर सहा तासांनंतरच्या दुसऱ्या नमुन्यात असतं. ॲट्रोपिन आणि सलाइननंतर लॅक्टेट उतरत असेल तर दिशा चांगली. रक्तदाब बरा आणि लॅक्टेट मात्र वर चढतंय, तर काहीतरी निसटतंय. झटके येऊन गेले असतील किंवा ॲड्रेनलीन चालू असेल तरी लॅक्टेट वाढतं, ते वजा करून वाचा.

साखर ग्लुकोमीटरवर लगेच कळते आणि कुठल्याही उपकेंद्रात होते. ऑर्गनोफॉस्फरसमध्ये मधुमेह नसलेल्यांचीही साखर चढते आणि फार चढलेली साखर हे जास्त गंभीर विषबाधेचं लक्षण असतं. पण चाळिशीच्या पुढच्या माणसाला आधीपासूनचा, न कळलेला मधुमेह असू शकतो. एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी) त्याच नमुन्यात करून घ्या, म्हणजे चढलेली साखर विषाच्या खात्यावर टाकायची की जुन्या आजाराच्या, ते कळतं.

पोटॅशियम रोज बघा. ते खाली असेल आणि ईसीजीत क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ) लांबलेलं असेल तर हृदयाचा ताल बिघडायची भीती असते. सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी करा. स्नायूंची सतत थरथर झाली की ते वाढतं, पण दंडात-कमरेत दिलेल्या इंजेक्शनांनीही वाढतं. अमायलेज थोडं वाढलेलं आढळतं, त्यात लाळग्रंथींचा भाग असतो. स्वादुपिंडाला सूज आली म्हणायला लायपेज तिपटीच्या वर आणि पोटदुखी हवी. पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटचं प्रमाण, अल्ब्युमिन यांवर बरेच अभ्यास येतात. मी ते बघते, पण त्यावर निर्णय घेत नाही.

आणि या सगळ्याच्या जोडीला रुग्णाकडे पाहून काढायचे गुण असतात. पेराडेनिया स्केल घ्या: बाहुल्या, श्वासाची गती, नाडी, स्नायूंची थरथर, शुद्ध आणि झटके. ० ते ३ सौम्य, ४ ते ७ मध्यम, ८ ते ११ गंभीर. शुद्धीचा जीसीएस (३ ते १५ गुणांचं माप) १३ किंवा खाली असेल तर तेवढ्यावरूनही धोका बराच वाढलेला धरतात. सांगायचं कारण असं, की लॅब बंद असलेल्या रात्रीसुद्धा तुमच्या हातात अंदाजाचं साधन आहे. मी आकडा आणि गुण एकत्र वाचते. गुण ९ आणि कोलिनेस्टरेज ३,०००, तरी मी गंभीरच धरते.

विष ऑर्गनोफॉस्फरस नसेल तर

कोलिनेस्टरेज नॉर्मल म्हणजे रुग्ण सुरक्षित, असा समज घातक आहे. बाकीच्या विषांत बघायच्या जागा वेगळ्या.

पॅराक्वाट हे तणनाशक घेतलेला माणूस पहिल्या दिवशी चालत येतो, बोलतो, फक्त तोंड आणि घसा सोलवटलेला असतो. इथे लघवीची साधी तपासणी करा: लघवीत थोडा खायचा सोडा आणि सोडियम डायथायोनाइट घातलं की पॅराक्वाट असेल तर निळा रंग येतो. गडद निळा म्हणजे बरंच अंगात गेलंय. पहिल्या २४ तासांत पुन्हा पुन्हा करूनही रंग आला नाही तर आशा चांगली. पॅराक्वाटची रक्तातली पातळी मोजून तासांप्रमाणे आलेखावर मांडायची पद्धत १९७९ पासून आहे, पण ती तपासणी आपल्याकडे सहज होत नाही. त्याऐवजी क्रिएटिनिन (मूत्रपिंडं बिघडली की रक्तात वाढणारा पदार्थ) किती वेगाने वाढतं ते मोजा. पाच तासांच्या अंतराने, एकाच मशीनवर दोन नमुने. तासाला ०.०३४ मिलिग्रॅमपेक्षा कमी वाढ असेल तर बरं. रात्री दहाला ०.९ आणि पहाटे तीनला १.० आलं, तर वाढ तासाला ०.०२. तेच पहाटे १.२ आलं तर तासाला ०.०६, आणि दोन्ही रिपोर्टवर कदाचित "नॉर्मल"च छापलेलं असेल. या रुग्णाला सवयीने ऑक्सिजन लावू नका, फुप्फुसाची हानी वाढते. ऑक्सिजन खरोखर कमी पडल्यावरच द्या.

धान्यात ठेवायच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, यात पीएच, बायकार्बोनेट, लॅक्टेट आणि रक्तदाब हेच सगळं सांगतात, आणि तासातासाने सांगतात. अशा रुग्णाला तालुक्याला ठेवून बघत बसू नका. खिडक्या उघड्या ठेवा, वायू कर्मचाऱ्यांनाही लागतो.

बोंडअळीवर मारायच्या इंडोक्साकार्बमध्ये सिरिंजमध्ये आलेलं रक्त चॉकलेटी दिसतं. त्याचा एक थेंब पांढऱ्या गॉजवर टाका, शेजारी स्वतःच्या बोटाचा थेंब टाका. हवा लागूनही पहिला थेंब तांबडा होत नसेल तर मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन) धरा. पल्स ऑक्सिमीटर अशा वेळी ८५ च्या आसपास अडकून बसतं आणि ऑक्सिजन वाढवून हलत नाही. त्यावरचं औषध मिथिलीन ब्लू द्यायच्या आधी लाल पेशींतल्या जी-६-पीडी एन्झाइमची कमतरता आहे का ते विचारा. आधी कुठल्या औषधाने लघवी लाल-काळी झाली होती का, या प्रश्नातूनही धागा मिळतो.

उंदरांच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टमध्ये पहिले दोन दिवस रक्त छान असतं. यकृत तिसऱ्या ते पाचव्या दिवशी खचतं. आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) रोज, किमान पाच दिवस, आणि रुग्ण कितीही ठणठणीत दिसला तरी घरी नाही.

हलवायचं की नाही, आणि घरच्यांशी बोलणं

चोपड्याहून जळगावला न्यायचं तर तापी ओलांडून तासाभराचा रस्ता. शहादा, धडगाव, अक्कलकुवा इकडून धुळ्याला न्यायचं तर त्याहून कितीतरी लांब. म्हणून हलवायचा निर्णय रुग्ण कोसळण्याआधी हवा. पीएच ७.२ च्या खाली, पीसीओटू वाढतंय, दुसरं लॅक्टेट पहिल्यापेक्षा जास्त, मान धरता येत नाही, पॅराक्वाटमध्ये क्रिएटिनिनची गती जास्त: यातलं काहीही दिसलं आणि तुमच्याकडे व्हेंटिलेटर नसेल तर १०८ बोलवा. श्वास ढासळत असेल तर नळी टाकूनच पाठवा. ॲट्रोपिन वाटेत चालू हवं. सोबतच्या चिठ्ठीत "ओपी पॉयझनिंग, रेफर्ड" एवढंच लिहू नका. घटकाचं नाव, घेतल्याची वेळ, प्रत्येक नमुन्याची वेळ आणि आकडा, आतापर्यंत किती अँप्यूल गेल्या, हे लिहा आणि बाटलीचा फोटो पुढच्या डॉक्टरला पाठवा. एमएलसी (पोलिसांना कळवायची कायदेशीर नोंद) करायची, पोटातून काढलेला नमुना सीलबंद करायचा, हे तर आहेच.

दाराशी पंधरा-वीस माणसं उभी असतात. आई विचारते, "वाची जाई ना डॉक्टर?" मी टक्के सांगत नाही. "आज रात्री श्वासाची भीती आहे, पहाटे पुन्हा रक्त काढणार, ते पाहून सकाळी नऊला बोलू," असं सांगते आणि नऊला बाहेर जाऊन बोलतेच. रिपोर्ट हातात देऊन "बघा, किती कमी आहे" म्हणणं मला पटत नाही. तो कागद मग गावभर व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि बरा होऊन आलेल्या पोराला लोक तोच दाखवतात. तो किंवा ती शुद्धीवर आल्यावर पहिल्या दोन दिवसांतच मानसोपचारतज्ज्ञांना बोलवा. ते जवळ नसतील तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मी स्वतः वॉर्डातून फोन लावून रुग्णाच्या हातात देते.

घरी सोडताना

ॲट्रोपिन बंद होऊन एक पूर्ण दिवस गेला, मान आणि श्वास ठीक, सीरमचा आकडा सलग दोन दिवस वर, तर ऑर्गनोफॉस्फरसचा रुग्ण सोडायचा विचार करा. आकडा नॉर्मल व्हायची गरज नाही, त्याला आठवडे लागतात. डिस्चार्ज कार्डावर मी शेवटचा आकडा आणि लॅबचं नाव लिहिते आणि तीन आठवड्यांनी तपासणीला बोलावते, कारण दोन-तीन आठवड्यांनंतर काहींच्या पायांत पेटके, बधिरपणा आणि पावलात अशक्तपणा येतो. चप्पल पायातून निसटते का, हे मी मुद्दाम विचारते.

फवारताना विषबाधा झालेल्यांना एक जास्तीची चिठ्ठी देते. हंगाम संपल्यावर, फवारणी थांबून दोन-तीन महिने झाले की सीरम कोलिनेस्टरेज करून घ्यायचं. ती त्याची स्वतःची मूळ पातळी. पुढच्या हंगामात आकडा त्या पातळीच्या ८० टक्क्यांखाली गेला तर मास्क, हातमोजे, पंपाची गळती, वाऱ्याची दिशा हे सगळं तपासायचं. ६० टक्क्यांवर आला तर पंप दुसऱ्याकडे द्यायचा आणि पुन्हा ८० टक्क्यांवर येईपर्यंत फवारणीला जायचं नाही. मजुरीवर फवारणी करणाऱ्याला हे परवडत नाही, मला माहीत आहे. म्हणून चिठ्ठी मी त्याच्याबरोबर शेतमालकालाही देते, आणि शक्य असेल तिथे मालकालाच फोन करते.